थ्रेटन्ड, मिस्ड, इनकम्प्लीट: नर्सिंग येऊनही पहिल्या तिमाहीचे कोड का चुकतात?

तुम्ही लिहिलंय की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, नागपुरातच क्लास लावून अमेरिकन चार्टचं कोडिंग, म्हणजे तिथल्या पेशंटच्या नोंदी वाचून निदानाला आयसीडी-१०-सीएमचे ठरावीक कोड लावणं, शिकताय, बाकी सगळं जमतं. पण गरोदरपणाच्या सुरुवातीचा रक्तस्राव आणि गर्भपात आला की ओ२०, ओ०२, ओ०३ यांत दर टेस्टला मार्क जातात. वॉर्डात असे पेशंट पाहिलेत, तरी का चुकतं?

पाहिलेत म्हणूनच चुकतं. मी नऊ वर्षं हेच काम करतेय, त्यातली चार ऑडिटमध्ये, म्हणजे दुसऱ्यांनी लावलेले कोड तपासण्यात, आणि या धड्यात नर्सिंगवाल्या मुली बी.कॉम.वाल्यांपेक्षा जास्त चुकतात असं माझं निरीक्षण आहे. कारण तुम्हाला पेशंटचं काय झालंय ते कळतं, आणि जे कळलं त्याचा कोड तुम्ही टाकता. कोड मात्र त्या दिवशी डॉक्टरने जे लिहिलं त्याचा असतो.

माझीच फजिती सांगते. पहिल्या वर्षी इमर्जन्सीचा एक चार्ट आला. पाळीवरून सात आठवडे, थोडं ब्लीडिंग, सोनोग्राफीत भ्रूण ५ मि.मी., ठोके दिसत नाहीत. मी बिनधास्त ओ०२.१, म्हणजे मिस्ड अ‍ॅबॉर्शन, टाकून पुढच्या चार्टला लागले. डॉक्टरने शेवटी लिहिलं होतं, ‘गर्भ जिवंत आहे की नाही हे अनिश्चित, आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी’. ती ओळ मी वाचली होती बरं का, पण मनात निकाल लागून गेला होता. दोन आठवड्यांनी त्याच बाईचा पुढचा चार्ट दुसऱ्या कोडरकडे गेला, आणि त्यात ठोके व्यवस्थित होते. जिवंत गर्भाच्या आईच्या नावावर मी गर्भ गेल्याची नोंद करून बसले होते, विमा कंपनीकडे क्लेमही गेला होता. टीम लीडरने सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही, पण तो क्लेम दुरुस्त करताना मला शेजारी बसवून घेतलं. तिथे हवं होतं ओ२०.९, म्हणजे सुरुवातीच्या काळातला अनिर्दिष्ट रक्तस्राव, सोबत गर्भाच्या जिवंतपणाबद्दल अनिश्चितता सांगणारा ओ३६.८०एक्स० आणि आठवड्यांचा झेड३ए.०१.

सोनोग्राफीचे निकष तुम्हाला पाठ असतील: भ्रूणाची लांबी ७ मि.मी. किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा गर्भाची पिशवी सरासरी २५ मि.मी. किंवा जास्त असून आत भ्रूण नाही, तर गर्भ टिकलेला नाही. ते डॉक्टरच्या कामाचे. समजा रिपोर्टमध्ये ९ मि.मी. आणि ठोके नाहीत असं आहे, पण डॉक्टरने निदानात फक्त ‘व्हजायनल ब्लीडिंग’ लिहिलं, तर मनाने ओ०२.१ करायचं नाही. क्वेरी, म्हणजे डॉक्टरलाच प्रश्न, पाठवायची. तीही ‘हे मिस्ड अ‍ॅबॉर्शनच आहे ना?’ अशी नाही; उत्तर तोंडात घालणारी क्वेरी ऑडिटमध्ये उडते. रिपोर्टमधलं वाक्य जसंच्या तसं द्यायचं, निदान स्पष्ट करा म्हणायचं, पर्याय दिले तर त्यात ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही ठेवायचं.

आता शब्दांकडे. ‘अ‍ॅबॉर्शन’ म्हटलं की आपल्याकडे कोणी तरी करून घेतलं असाच अर्थ निघतो. माझ्या वहिनीला तिसऱ्या महिन्यात धंतोलीतल्या एका नर्सिंग होममध्ये दोन दिवस ठेवलं होतं. डिस्चार्ज कार्डावर ‘थ्रेटन्ड अ‍ॅबॉर्शन’ वाचून आईने स्वयंपाकघरात रडायला सुरुवात केली, ‘होऊन गेलं तर सांगत काऊन नाही वो मले?’ काही झालं नव्हतं. पोरगा आता केजीत जातो. थ्रेटन्ड म्हणजे रक्त गेलंय, धोका आहे, पण गर्भ आत टिकून आहे: ओ२०.०. मिस्ड म्हणजे वीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत गर्भ गेला, पण बाहेर पडला नाही. आपोआप पडला तर ओ०३. काही भाग आत राहिला तर ओ०३.० ते ओ०३.४, पूर्ण पडला किंवा डॉक्टरने काहीच स्पष्ट केलं नाही तर ओ०३.५ ते ओ०३.९. थ्रेटन्ड म्हणून दाखल झाली आणि त्याच मुक्कामात गर्भपात झाला, तर फक्त ओ०३. ओ२० सोबत लावायचा नाही, दोघांचं एकमेकांशी एक्सक्लूड्स१ आहे, म्हणजे दोन्ही एकत्र चालत नाहीत.

करवून घेतलेल्या गर्भपातासाठी झेड३३.२, आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीसाठी ओ०४. आपोआप झालेल्यावर चुकून यातला एखादा पडला तर नुसता डिनायल, म्हणजे विमा कंपनीचा नकार, नाही येत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल फिरवल्यापासून राज्याराज्यात कायदे वेगळे आहेत. आपण वर्धा रोडवर एसीत बसून एक आकडा चुकवतो, त्याचं उत्तर तिकडे ती बाई देत बसते.

एक उलटा वाटणारा नियम आहे, टेस्टमध्ये हमखास येतो. बाईला ‘कम्प्लीट अ‍ॅबॉर्शन’ लिहून घरी सोडलं, दहा दिवसांनी ती परत आली आणि आत तुकडा राहिलेला निघाला. दुसरी गुंतागुंत नसेल तर या भेटीला ओ०३.४, म्हणजे इनकम्प्लीट. मागच्या वेळी कम्प्लीट लिहिलं होतं म्हणून अडायचं नाही, गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट दिलंय.

आठवड्यांचा झेड३ए ओ०० ते ओ०८ सोबत लावत नाहीत. ओ२० आणि ओ२१ सोबत लावतात. उलट्यांचं सोपं आहे: विसाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेला हायपरएमेसिस (गरोदरपणातल्या अति उलट्या) साधा असेल तर ओ२१.०, डॉक्टरने त्यामुळे डिहायड्रेशन लिहिलं तर ओ२१.१.

एक्टोपिकला, म्हणजे गर्भाशयाबाहेर, बहुतेकदा गर्भनळीत, राहिलेल्या गर्भाला, ओपीडी-इमर्जन्सीच्या चार्टमध्ये ‘रूल आउट’, ‘सस्पेक्टेड’ असे नुसत्या शंकेचे शब्द दिसले की हात आवरा. तिथे ओ०० नाही. दुखणं, रक्तस्राव जे लिहिलंय तेच. दाखल पेशंटच्या डिस्चार्जला नियम वेगळा आहे, तिथे ‘प्रॉबेबल’ (बहुधा) लिहिलेलंसुद्धा झालंय असं धरतात. नक्की झालं असेल तर बाजू शोधा: उजवी नळी ओ००.१०१, डावी ओ००.१०२. बाजू निदानात नसेल तर ऑपरेशन नोट उघडा, बहुतेक वेळा सर्जनने तिथे लिहिलेली असते. आणि टाइप करताना पहिला ओ हे अक्षर आहे, शून्य नाही. नव्या बॅचमध्ये दर वेळी एक तरी जण शून्य मारतोच, मग ‘कोड सापडतच नाही’ म्हणून मला हाक येते.

पुस्तक सीनियरकडून जुनं घेणार असाल तर वर्ष बघा. हे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात. उजवी-डावी नळी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, त्याआधीच्या पुस्तकात ती मिळणार नाही.