तोंड आलंय, पण कशामुळे?

वाचकांचे प्रश्न: तोंडाचं आरोग्य

इंदूरहून आलेली या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते, अशा आजारांना डॉक्टर ऑटोइम्यून म्हणतात. त्यात तोंड कोरडं पडतं, जखमा होतात, जेवण नकोसं होतं. पण एकाच तोंडात ही आग वेगवेगळ्या कारणांनी लागू शकते. मूळ आजार, त्यावरचं औषध, बुरशी, किंवा दाताची तुटकी कड. कारण न बघता प्रत्येक जखमेवर एकच मलम फासण्यात महिने जातात. तातडीचं पत्र आधी घेतलं आहे.

आईला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय. चार दिवसांपासून अचानक पूर्ण तोंड आलंय, पाणीही झोंबतं. बी-कॉम्प्लेक्स चालू केलंय. आणखी काय द्यावं? — सुदामा नगर

बी-कॉम्प्लेक्स राहू द्या, आधी औषधांचा डबा उघडून बघा. या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. घरात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ते रोज घेतलं जाणं. नवा केमिस्ट चिठ्ठीवर "रोज एक" लिहितो, किंवा फॉलिक अ‍ॅसिडची आणि ही गोळी दिसायला सारखी असल्यामुळे अदलाबदल होते. एकदम तोंडभर जखमा होणं हे औषध अंगात साचल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटत असू शकतात. पुढचा डोस देऊ नका आणि आजच डॉक्टरांना दाखवा. रक्तपेशींची पूर्ण तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी लागेल. मूत्रपिंड मंदावलं असेल, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक चालू झालं असेल, तर बरोबर डोसही भारी पडतो. ताप, अंगावर काळेनिळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त असेल, तर रात्र उजाडायची वाट न पाहता इस्पितळात न्या.

विषबाधा ठरलीच, तर डॉक्टर फोलिनिक अ‍ॅसिड देतात. ते रोजच्या फॉलिक अ‍ॅसिडपेक्षा वेगळं औषध आहे. त्यामुळे घरची गोळी दुप्पट करून भागणार नाही.

वय 54. शोग्रेन निघालंय. पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते. दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आता हिरडीलगत दात किडू लागलेत. — लोकमान्य नगर

ताई, लिमलेटचा डबा आज बंद करा. शोग्रेनमध्ये संरक्षणव्यवस्था लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. तिचं काम फक्त ओलावा देण्याचं नाही. ती आम्ल निवळते आणि कॅल्शियम-फॉस्फेट दातांना परत देते. तोंडातलं आम्ल वाढून पीएच साधारण 5.5च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ त्याच्याही आधी विरघळतं. तुमची कीड हिरडीलगत आहे ती यामुळेच. साखरेची गोळी आम्ल तयार करते, आणि ते धुऊन काढायला लाळ नसते. "शुगर फ्री" असली तरी आंबट गोळी नकोच, कारण तिच्यातलं सायट्रिक अ‍ॅसिड स्वतःच दात झिजवतं.

गोळीऐवजी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम घ्या. ग्रंथींत थोडा जीव उरला असेल, तर चघळण्याने लाळ सुटते. जबडा दुखत असेल तर झायलिटॉलची गोळी तोंडात विरघळू द्या. जास्त झाली तर पोट बिघडतं. घरात कुत्रा असेल तर ही पाकिटं उंचावर ठेवा, कुत्र्यांसाठी झायलिटॉल विष आहे.

पाण्याचा घोट छोटा घ्या, क्षणभर तोंडात फिरवा आणि मग गिळा. ग्लासच्या ग्लास रिचवल्याने कोरड हटत नाही, उलट उरलीसुरली बुळबुळीत लाळ धुऊन जाते आणि रात्री लघवीला उठून झोपमोड होते. झोपण्यापूर्वी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असलेलं कृत्रिम लाळेचं जेल वाटाण्याएवढं घेऊन बोटाने जिभेवर, गालांच्या आतून आणि हिरड्यांवर पसरवा. फवारा सोयीचा, पण लवकर ओसरतो, तो दिवसासाठी ठेवा. नाक बंद असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो आणि पहाटे जीभ चामड्यासारखी होते. मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब त्यावर उपयोगी पडतात. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तुमच्यासाठी एसीपेक्षा कूलर बरा, कारण तो हवेत दमटपणा सोडतो. त्याचं पाणी मात्र वरचेवर बदला.

दातांसाठी दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट लावा. फेस थुंका, पण चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. आपल्याकडच्या पेस्टमध्ये ते साधारण 1000 पीपीएमपर्यंत असतं. वेष्टनावर बघून घ्या, कारण हर्बल पेस्टमध्ये ते बरेचदा नसतं. लाल दंतमंजन आणि मशेरी कोरड्या तोंडात दात घासून काढतात, त्या सोडाच. शिवाय दर 3 महिन्यांनी दंतवैद्याकडून 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या. काही मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळणाऱ्यांना पुढे रूट कॅनलचा खर्च येतो.

पिलोकार्पिन 5 मिलिग्रॅम या गोळीबद्दल तुमच्या संधिवाततज्ज्ञांना विचारा. उरलेल्या ग्रंथींना ती कामाला लावते. घाम फुटतो, लघवी वाढते, आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही. त्याच भेटीत बाकीच्या गोळ्याही दाखवा. सर्दीच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि मूत्राशयासाठीची औषधं लाळ आणखी आटवतात. हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट घेत असाल तर पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडव्या होऊ नका. कोरड्या अन्ननलिकेत ती गोळी अडकली तर जखम करते.

पोळी वरणात कुस्करून किंवा रस्सा भाजीत भिजवून खा. कानाखालची ग्रंथी एका बाजूने सुजून कायम राहिली तर दाखवा. शोग्रेनमध्ये लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची) शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

गालाच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेघा आणि मध्ये लाल जखमा. लायकेन प्लॅनस सांगितलाय. ट्रायम्सिनोलोनचं (स्टेरॉइडचं) मलम लावतो, पण ते टिकतच नाही. आता जिभेलाही आग होते. खायचं काय? — राजेंद्र नगर

लायकेन प्लॅनसमध्ये संरक्षणव्यवस्था तोंडाच्या आतल्या कातडीवर उलटते. मलम टिकत नाही, कारण ते ओल्या जागी चोळलं जातं. जेवण झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, जखम कापसाने किंवा गॉजने टिपून कोरडी करा, मग ज्वारीच्या दाण्याएवढं मलम बोटाने हलकंच दाबा. चोळलंत तर त्याचा रवा होतो आणि ते सुटून पडतं. नुसतं दाबलं तर वर पातळ पापुद्रा धरतो. त्यानंतर अर्धा तास खाणं-पिणं नाही. रात्रीचा थर सर्वांत जास्त वेळ राहतो, म्हणून तो कधी चुकवू नका. जखमा दोन्ही गालांवर पसरल्या असतील तर मलमाने पुरत नाही. अशा वेळी डॉक्टर बीटामेथासोनची 0.5 मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी 10 ते 20 मिलि पाण्यात घालून 3 मिनिटं तोंडात फिरवायला आणि थुंकायला देतात. थुंकायचं म्हणजे थुंकायचंच.

जिभेची नवी आग बुरशीची असू शकते. तोंडात स्टेरॉइड लावणाऱ्यांना आणि कोरड्या तोंडाच्या लोकांना ती सहज होते. जीभ लाल-गुळगुळीत दिसते, ओठांचे कोपरे चिरतात, पांढरा थर असलाच पाहिजे असं नाही. तेव्हा स्टेरॉइड वाढवलं तर आग वाढते. दाखवून घ्या. क्लोट्रिमाझोलच्या तोंडाच्या औषधाने ती बहुधा आटोक्यात येते. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, भिजवून ठेवा. नाही तर बुरशी कवळीतून परत येते.

चुळीसाठी एक कप कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा. अल्कोहोलवाले माउथवॉश टाळा. पेस्ट सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली निवडा, कारण त्या फेसाने जखमा चिघळतात. जेवणाआधी दुखणं फार असेल तर बेन्झिडामिनची चूळ 10 मिनिटं आधी भरा.

खाण्यात आधी जिरावन मसाला बंद. त्यातलं आमचूर, तिखट आणि काळं मीठ जखमेवर सरळ बसतं. पोहे चालतील, मऊ वाफवलेले, वर लिंबू आणि शेव न घालता. शेवेच्या टोकाने कोवळी कातडी कापली जाते, आणि या आजारात खरचटलेल्या जागी नवी जखम उमटते. याच कारणाने दाताची तुटकी कड घासून घ्यायला हवी. भुट्ट्याचा कीस मिरची न घालता दुधात शिजवा. मऊ भात, पातळ मुगाचं वरण आणि तूप कोमट करून खा. ताक काहींना सोसतं, काहींना झोंबतं, स्वतः बघून ठरवा.

सासूबाई जाईचा पाला चघळायला सांगतात, शेजारच्या काकू टाकणखार मधात कालवून लावायला. करू का? — स्नेहलतागंज

टाकणखार नको. तो पोटात गेला तर विषारी ठरतो, आणि तोंडातलं थोडंफार पोटात जातंच. जाईचा स्वच्छ धुतलेला पाला चघळून थुंकलात तर आमची हरकत नाही, पण नेहमीची औषधं त्यासाठी थांबवू नका. ज्येष्ठमध मात्र पोटातून स्टेरॉइड चालू असताना रोज चघळू नका. रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

दोन महिन्यांपासून टाळूवर आणि हिरड्यांवर फोड येऊन फुटतात, वरची साल निघते. डॉक्टर तुकडा काढायला म्हणतात. घरचे म्हणतात, कापलं की पसरेल. — जुनी इंदूर

पसरत नाही. उलट हा पेम्फिगस, म्हणजे कातडीवर फोड आणणारा ऑटोइम्यून आजार, असू शकतो. तो बहुतेक वेळा आधी तोंडात दिसतो, आणि अंगावर फोड यायच्या आत उपचार सुरू झालेले बरे. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या कुठल्याही जखमेचा तुकडा तपासावाच लागतो, तंबाखू खाणाऱ्यांत तर नक्कीच. शासकीय दंत महाविद्यालय, इंदूर इथल्या ओरल मेडिसिन विभागात दाखवता येईल.

जाण्याआधी एक विचारून घ्या. दोन तुकडे घेणार ना? एक जखमेच्या कडेचा, फॉर्मेलिनमध्ये. दुसरा जखमेशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने आजाराच्या खुणा शोधणाऱ्या तपासणीसाठी) मिशेल द्रावणात. दुसराही फॉर्मेलिनमध्ये टाकला तर ती तपासणी होत नाही आणि पुन्हा सुई घ्यावी लागते. तपासणीपूर्वी स्वतःहून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.