माझी कात्री, त्यांची झारी

पत्र : मावशी, हे निवृत्त झाले आणि माझी गॅलरी त्यांची झाली. सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन सगळ्या कुंड्यांना पाणी. कोरफड बुडापासून मऊ होऊन गेली, आता गुलाबाची पानं पिवळी पडताहेत. परवा तर माझी कापडाची कात्री घेऊन फांद्या छाटत होते! वर मलाच म्हणतात, "ती गोधडी किती वर्षं चाललीय? विकत आणली असती तर एव्हाना पांघरून जुनी झाली असती." माणूस वाईट नाही. हौसेनं करतात, म्हणून बोलवत नाही. पण माझं शिवायला बसणंच बंद झालंय. चौकोन जोडून गोधडीची वरची बाजू तयार आहे, ती तशीच घडी करून कपाटात ठेवलीय. काय करू? – घडी घातलेली

ताई, आधी कात्रीचं बोलू, कारण तिथे भिडस्तपणाला जागाच नाही. कापडाची कात्री कागदालासुद्धा लावू नये, मग फांदीचं कुठे? ओल्या फांदीचा चीक पात्यांना चिकटतो, पुसला नाही तर गंज धरतो. जाड काडी कापताना पाती एकमेकांपासून फाकतात ते वेगळंच. मग तीच कात्री कापड कापायचं सोडून चावायला लागते. ऐन टोकाशी कापड पात्यांमध्ये दुमडतं आणि कडेचे दोरे सुटतात. ज्यानं कधी कापड बेतलं नाही त्याला हे कळणार कसं? आजच सांगा. त्यांना छाटणीची वेगळी कात्री आणून द्या आणि तुमचीच्या मुठीला लाल चिंधी बांधून ठेवा. चीक स्पिरिटनं पुसून घ्या, धार लावून घ्या. एवढ्या गोष्टीसाठी कुणी रुसलं तर रुसू द्यावं.

कुंड्यांचं जरा नाजूक आहे, कारण तिथे त्यांचा जीव रमतोय. पण एक गोष्ट त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत भिजलेली राहिली की मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, कुजतात आणि त्यांना पाणी ओढताच येत नाही. वर पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, तो बिचारा आणखी पाणी घालतो. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. कोरफड तर पानातच पाणी साठवणारी, तिला दोनदा पाणी म्हणजे शिक्षाच.

हे भाषण मात्र देऊ नका. त्यांना कुंडीपाशी न्या आणि मातीत बोट घालायला सांगा, दोन पेरं आत. ओल लागली तर आज पाणी नाही. लहान कुंडी असेल तर उचलून बघायची, कोरडी माती हाताला लगेच हलकी लागते. खालच्या ताटलीत पाणी साचलं असेल तर ओतून टाकायचं. नुकत्या निवृत्त झालेल्या माणसाला "पाणी घालू नका" म्हटलं की हातातलं काम गेलं असं वाटतं. "आज कुणाला पाणी हवंय ते बघून या" म्हटलं की नवं काम मिळतं. त्यांच्या नावाच्या कुंड्याही वेगळ्या काढा. पुदिना, नेचे अशी ओल आवडणारी रोपं त्यांच्याकडे, गुलाब आणि कोरफडीच्या जातीचं सगळं तुमच्याकडे. त्यांच्या कुंड्यांत तुम्हीही नाक खुपसायचं नाही, पुदिना आडवातिडवा वाढला तरी.

आता गोधडी. टोमणा लागला हे बरोबरच आहे. "ते वाक्य मला लागलं" हे त्यांना सरळ सांगा, तेवढंच, मागची उजळणी न करता. पण ताई, एक विचारू? रागावलात गॅलरीवरून, मग घडी कपाटात का गेली? तुमच्या पत्रातली खरी ओळ मला "वरची बाजू तयार आहे" ही वाटते. गोधड्या अडतात त्या बहुतेक इथेच. चौकोन जोडताना मजा असते, रंग लावून बघता येतात, मांडीवर काम होतं. पुढचं काम, म्हणजे अस्तर, आतला थर आणि ही वरची बाजू एकावर एक पसरून कच्च्या टाक्यांनी जोडणं, कंटाळवाणं. सगळं सामान हलवून जमीन मोकळी करायची, गुडघ्यांवर रांगायचं. टोमण्याआधीच तुम्ही ते टाळत होतात, असा माझा संशय आहे.

आणि ह्या एका कामाला दुसरे दोन हात खरोखर लागतात. अस्तर आणि आतला थर वरच्या बाजूपेक्षा चारी बाजूंनी आठ-दहा सेंटीमीटर मोठा ठेवा, टाके घालताना कापड ओढलं जाऊन आत सरकतं. अस्तर सुलटी बाजू खाली करून जमिनीवर पसरायचं. समोरासमोरच्या कडा दोघांनी धरून ताठ करायच्या आणि चिकटपट्टीनं जमिनीला लावायच्या. ताठ म्हणजे सुरकुती नसावी इतकंच. फार ताणलंत तर पट्टी काढल्यावर अस्तर आखडतं आणि वर चुण्या पडतात. त्यावर आतला थर, त्यावर तुमचे चौकोन, हातानं मधून बाहेर सारखे करत. मग कच्चे टाके, तेही मधूनच सुरू करून कडेकडे, ओळींमध्ये तळहाताएवढं अंतर ठेवून. कडेपासून सुरुवात केली तर सगळा फुगवटा मध्यावर जमतो आणि पुढे तो कशानंच जात नाही.

कडा धरायला यजमानांना बोलवा. रंग, नक्षी, धावदोरा कुठून जाणार, याबद्दल त्यांचं मत विचारू नका. कच्चे टाके पडले की गोधडी हवी तेव्हा मांडीवर घ्या, हवी तेव्हा ठेवून द्या. ती किती महिने चालेल याचा हिशेब घरात कुणालाही द्यायची गरज नाही.

गुलाबाचं खोड बुडाशी टणक आहे की मऊ, ते लिहिलं नाहीत. टणक असेल तर पाणी थांबवा, कुंडीचं भोक काडीनं मोकळं करा आणि वरची माती वाळू द्या. मऊ पडलं असेल तर ते झाड फार धरून बसू नका. वर एखादी टणक, हिरवी काडी उरली असेल तर आजच कापून निचऱ्याच्या मातीत लावा. छाटणीच्या कात्रीनं.