चौऱ्याहत्तर रुपयांची कोथिंबीर

प्रश्न : ताई, आम्ही दोघंच कर्वेनगरला राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बंगळुरूचा मुलगा तिथे बसून ॲपवरून आमचा किराणा मागवतो. आलं संपलं असं फोनवर नुसतं म्हटलं तरी पंधरा मिनिटांत दारात पिशवी. सोय आहेच. पण पंचवीस वर्षांचा आमचा वाणी हल्ली मला बघून मान फिरवतो आणि महिन्याचा खर्चही वाढल्यासारखा वाटतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, उलट डिस्काउंट मिळतोय.’ खरं काय?
– एक निवृत्त वाचक, कर्वेनगर

उत्तर : मुलगा खोटं बोलत नाहीये. पाच किलो आटा, कपड्यांची पावडर, साबणाचे जोड हे ॲपवर बरेचदा खरंच स्वस्त पडतात. पैसे गळतात ते ‘आलं संपलं’ मध्ये.

आमच्याकडेही हाच वाद झाला, तेव्हा मी महिनाभर फ्रिजवर कागद लावून प्रत्येक ऑर्डर लिहिली. भरल्या एकवीस! त्यातली एक अजून पाठ आहे. कोथिंबीर १८ रुपये, घरपोच आणण्याचे २५, ‘हँडलिंग’चे ११ आणि ऑर्डर लहान म्हणून वर २०. झाले ७४. पाकीट शंभर ग्रॅमचं, त्यातल्या निम्म्या काड्या. कोपऱ्यावरची भाजीवाली दहा रुपयांत जुडी देते आणि मागितल्या तर दोन मिरच्याही टाकते. पुढच्या वेळी हे आकार चुकवायला मी ऑर्डर फुगवली. त्या शहाणपणाच्या सॉसच्या तीन बाटल्या अजून फडताळात आहेत.

म्हणून मुलाला सांगा, महिन्याला एकच मोठी ऑर्डर, आणि तीही जड, सीलबंद मालाची. तेल घेताना पिशवीवरचे ग्रॅम वाचायला लावा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारची ‘स्वस्त’ पिशवी कधी ८०० ग्रॅमचीच निघते. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तुलना त्याची करायची. (आणि तीन मजले आटा चढवून आणणाऱ्या पोराला पाणी विचारा हो.)

तारीख दारातच बघा. मागच्या आषाढीच्या आदल्या दिवशी मला भगरीचं पाकीट आलं, मुदत संपायला सहा दिवस! अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, नोव्हेंबर २०२४ मध्येच ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलंय की ग्राहकाच्या हाती पडताना मालाची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी. ॲपवर तक्रार केली तर एक यंत्र ‘आपल्या भावना समजतो’ म्हणत राहिलं. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तरी हलले नाहीत, तेव्हा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला आणि चार दिवसांनी पैसे आले. एकादशी तोवर साबुदाण्यावर उरकली होती.

आता तुमचा वाणी. तोही फोनवर यादी घेऊन पोरगा पाठवत असेलच, विचारून तरी बघा. आमचा पाठवतो. पोहे म्हटलं की ‘जाड की पातळ?’ विचारतो. परवा गूळ सांगितला तर म्हणाला, ‘वहिनी, या खेपेचा खारट आहे, आठ दिवस थांबा.’ स्वतःचा माल नेऊ नका म्हणणारं ॲप मला अजून भेटलेलं नाही. न फोडलेलं पाकीट परत घेतो, वहीवर मांडून ठेवतो. डाळी, पोहे, गूळ, शेंगदाणे, उपासाचं सगळं आणि ऐन वेळी संपणारं सटरफटर मी त्याच्याकडेच ठेवलंय. फक्त दुपारी एक ते चार फोन करत नाही, पुण्यात राहतोय आपण.

पहिल्या वेळी मात्र फोन नको. यादी कागदावर लिहा आणि स्वतः दुकानात जा. मान फिरवली तरी कागद काउंटरवर ठेवा. तो आधी गुडघ्याचं विचारेल, मग डाळ किती ते.