वाचकांचे प्रश्न: कॅन्सरची गाठ लहान आहे, मग स्तन काढायचा की राखायचा?

प्रश्न: माझं वय ५२, पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली. डाव्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड २, ईआर ९० टक्के, पीआर ७० टक्के, हर-टू २+’ असं आलंय. सोनोग्राफीत गाठ १.६ सेंटिमीटर, काखेत काही नाही. घरचे म्हणतात, अख्खा स्तनच काढ, कायमची कटकट मिटेल. ऑपरेशनची तारीख चार दिवसांवर आहे. काय करू?

उत्तर: आधी तारीख पुढे ढकलता येते का विचारा. ही गाठ चार दिवसांत झालेली नाही. नीट ठरवायला दोन-तीन आठवडे घेतले तर काही बिघडत नाही. महिनोन्महिने अंगावर काढू नका, एवढंच. हे दिवस तुम्हाला लागणारच आहेत, कारण तुमचा रिपोर्ट अजून अर्धा आहे. ईआर आणि पीआर म्हणजे गाठ स्त्री-हार्मोनवर वाढते का, त्याची खूण. हर-टू हे गाठ वेगाने वाढवणारं प्रथिन. ते ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे हो की नाही ते ठरलेलंच नाही. त्यासाठी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर फिश चाचणी करतात, म्हणजे हर-टूचं जनुक जादा आहे का ते पाहतात. ती पॉझिटिव्ह आली तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला रोखणारं औषध साधारण वर्षभर घ्यावं लागू शकतं, आणि काही वेळा ही औषधं ऑपरेशनच्या आधीच सुरू करतात. तसं ठरलं तर केमोआधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली का, हे जरूर विचारा. औषधाने गाठ विरघळली आणि क्लिप नसली, तर नेमकं कुठे कापायचं हेच सर्जनला कळत नाही.

आता कटकटीचं. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बी-०६’ अभ्यासात ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या बायकांचा २० वर्षं पाठपुरावा झाला. स्तन काढलेल्या आणि राखलेल्या बायकांचं जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. आजार शरीरात इतरत्र जाणार की नाही, हे पेशींच्या स्वभावावर ठरतं. किती कापलं त्यावर नाही. अख्खा स्तन काढला तरी छातीच्या कातडीखाली गाठ पुन्हा येऊ शकते. पण राखायचा तर रेडिएशन उपचाराचाच भाग समजा. त्याच अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के बायकांच्या त्याच स्तनात आजार परतला, घेतलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के. हल्ली ते बहुतेकदा ३ आठवड्यांत १५ वेळा देतात, काही ठिकाणी एका आठवड्यात ५ वेळा.

स्तन काढणंच बरं, अशा स्थिती आहेतच: स्तनात दूरदूर पसरलेल्या गाठी, छातीला पूर्वी दिलेलं रेडिएशन, किंवा स्तनाच्या मानाने फार मोठी गाठ. बीआरसीए जनुकात दोष असेल (त्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तरी पुन्हा नीट चर्चा करावी. सगळं समजून घेतल्यावर तुम्हालाच काढावासा वाटला, तर तेही योग्यच आहे. फक्त तो निर्णय घरच्यांच्या धास्तीतून झालेला नसावा.

ऑपरेशननंतर एक शब्द रिपोर्टमध्ये शोधा: मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड. सर्जन काढलेल्या तुकड्याला दिशा कळावी म्हणून धागे बांधतात, एक आखूड, एक लांब. पॅथॉलॉजिस्ट त्याच्या बाजूंना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरची एकही पेशी शाईला टेकलेली नसेल, तर कड साफ. टेकली असेल तर बहुधा त्या बाजूचं थोडं आणखी काढतात. धागेच नसले तर कुठली बाजू पुन्हा कापायची, हा घोळ होतो.

काखेतल्या सगळ्या ग्रंथी सरसकट काढू देऊ नका. सेंटिनेल नोड बायोप्सीबद्दल विचारा. त्यात रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधून तपासतात. हाताला कायमची सूज येण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. निळा रंग वापरला असेल तर दोन-एक दिवस लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका.

प्रश्न: आईचं वय ५८. ऑपरेशन झालं, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रंथी साफ. केमो लागेलच का?

उत्तर: लागेलच असं नाही. गाठीच्या २१ जनुकांची चाचणी करता येते. आजार परतण्याचा धोका ती स्कोअरमध्ये सांगते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘टेलरएक्स’ अभ्यासात, पन्नाशी ओलांडलेल्या अशा बायकांचा स्कोअर २५ पर्यंत असेल तर हार्मोनच्या गोळीला केमोची जोड देऊन जादा फायदा दिसला नाही. पण गोळी हाच इथे मुख्य उपचार आहे. पाळी थांबलेल्यांना बहुधा लेट्रोझोल (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) २.५ मिलिग्रॅम, रोज एक, निदान ५ वर्षं. बऱ्याच जणी सांधे दुखतात म्हणून ती गुपचूप सोडतात, आणि नुकसान तिथेच होतं. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी बदलून देता येते. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या.

प्रश्न: वय ३४, केमो सांगितलीय. पुढे मूल हवंय.

उत्तर: पहिल्या केमोच्या आधी स्त्रीबीजं गोठवण्याबद्दल बोला, आजच. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. केमो सुरू झाली की ही संधी बहुतेक हातची जाते. बीआरसीए चाचणीही याच वेळी मागा.

प्रश्न: दुसरा सल्ला घ्यायला काय न्यावं?

उत्तर: नुसता कागद पुरत नाही. बायोप्सीच्या काचा (स्लाइड) आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, लॅबकडून लेखी अर्ज करून मागून घ्या, आणि मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी. ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. काम झालं की तो परत करा. फिशसारख्या चाचण्या पुढे त्यावरच होतात.