रानातलं टपाल : भाच्याचा एल्क आणि आमचे गवे

जांबोटी भागातून एक शेतकरी लिहितात :

डॉक्टरसाहेब, माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला नोकरीला आहे. दिवाळीच्या सुमारास त्यानं फोटो पाठवला. त्याच्या ऑफिसातला मित्र, पुढ्यात घोड्याएवढं हरीण पडलेलं आणि हातात कागदाची एक पट्टी. मारायला सरकारनंच दिलेला कागद, त्याला टॅग म्हणतात, म्हणे! आमचं तीन एकर भात आणि दीड एकर रताळी. भात गवे तुडवतात, रताळी डुकरं उकरतात. गेल्या साली कितीतरी रात्री माळ्यावर जागून काढल्या. पंचनामा झाला, अर्ज कन्नडमध्ये दुसऱ्याकडून लिहून घेतला, पुढं काही नाही. तिकडं हरणाला टॅग मिळतो, तर आम्हाला गव्याला का मिळू नये?

उत्तर : भाऊ, 'घोड्याएवढं हरीण' वाचून हसलो, कारण मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. रताळ्यांपाशी आलो आणि हसू गेलं. डुकरांनी एका रात्रीत उकरलेला वाफा मी आमच्या थोरल्या भावाच्या शेतात पाहिलाय. नांगर फिरवल्यासारखा दिसतो.

निवृत्तीनंतर दोन हिवाळे मी लेकीकडं, तुमच्या भाच्याचं डेन्व्हर आहे त्याच कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्सला होतो. फोटोतलं ते हरीण म्हणजे एल्क, आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे किलोच्या पुढं जातो. शेजारचे गृहस्थ शिकारी. एका नोव्हेंबरात एल्कचं मुंडकं गाडीत टाकून तपासणीला निघाले, मला म्हणाले, तुम्ही जनावरांचे डॉक्टर, चला. तिथं टेबलावरच्या पोरानं गळ्यामागं चीर देऊन लसिकाग्रंथी काढल्या, बाटलीत घातल्या. उभा जन्म गाई-म्हशींच्या असल्याच गाठी चाचपण्यात गेला, त्यामुळं मला घरी आल्यासारखं वाटलं. हरणांना झिजवून मारणारा एक रोग आहे, त्याला औषध नाही. 1967 साली तो पहिल्यांदा दिसला तो याच फोर्ट कॉलिन्समधल्या पाळीव हरणांत. म्हणून मुंडकी तपासतात. शिकाऱ्याला मांस खायचं की नाही ते कळतं, आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला रोग कुठवर पसरला ते.

त्या दिवशी मी तो टॅग हातात घेऊन नीट वाचला. कोणत्या भागात, नर की मादी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हत्यारानं, सगळं त्यावर. बाण-धनुष्याचा हंगाम सप्टेंबरात, ठासणीच्या बंदुकीचा त्याच महिन्यात थोडे दिवस, रायफलीचे चार हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात. (ठासणीच्या बंदुकीला तिथं वेगळा मान आहे. आपल्याकडं पीकराखणीच्या परवान्यावरची ठासणीची निवडणूक आली की ठाण्यात जमा!) जनावर पडलं की जागच्या जागी टॅगवर सही, तारीख घालायची आणि तो धडाला बांधायचा. नर का मादी ते ओळखू येईल असा अवयव धडाला ठेवायचा. खाण्याजोगं मांस रानात टाकून यायचं नाही, आणि विकायचं तर अजिबात नाही.

हा न विकण्याचा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात मांसासाठी, कातड्यासाठी, अगदी दातांसाठीही एल्क मारून विकले. 1900 च्या आसपास कोलोरॅडोत ते जवळपास संपले होते. पुढं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूनं पकडून आणून सोडले. आज त्या एका राज्यात अडीच लाखांच्या वर एल्क आहेत, अमेरिकेत सर्वांत जास्त. बाजार बंद झाला म्हणून कळप उभा राहिला, आणि कळप उभा राहिला म्हणून टॅग आला. आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करायला बघतोय.

टॅगांचा आकडा कुठून येतो ते ऐका. शिकारीचे हंगाम संपले की थंडीत, बर्फावर जनावर उठून दिसतं तेव्हा, हेलिकॉप्टरमधून मोजणी होते. शंभर माद्यांमागं नर किती, वासरं किती. प्रत्येक कळपाला किती जनावरं असावीत याची मर्यादा ठरलेली असते. ती ठरवताना गवताळ रानं, शिकारी आणि शेतकरी, तिघांचं ऐकतात. मोजणी त्या मर्यादेच्या वर गेली तर पुढल्या साली टॅग वाढतात, खाली गेली तर कमी होतात. अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत. मग चिठ्ठी निघते. नाही लागली तर एक पॉइंट जमा, पुढल्या वर्षी नंबर थोडा पुढं. चांगल्या भागासाठी माणसं वीस-वीस वर्षं पॉइंट साठवतात. शेजारी स्वतःच मला म्हणाले, पोरीचं लग्न आधी झालं, टॅग नंतर आला!

त्यातही टॅग मिळालेल्या पाचांतल्या चारांचे हात रिकामेच येतात. हे खात्याला माहीत असतं. दोनशे माद्या कमी करायच्या तर ते दोनशे नव्हे, हजारभर टॅग काढतात.

आता आपला गवा. किती आहेत आपल्याकडं? 2011 मध्ये आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य झालं, जेमतेम 190 चौरस किलोमीटरचं. गव्याला त्याची हद्द कुणी दाखवलेली नाही. तो कणकुंबीला दिसतो, चोर्ल्याला दिसतो, घाट उतरून गोव्यात जातो, चंदगडच्या बाजूला शिरला की महाराष्ट्राचा होतो. एका कळपाचा हिशेब तीन राज्यांच्या वह्यांत. पासबुकच नाही आणि तुम्ही मला चेकबुक मागताय.

शिवाय कायदा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, मोठ्या जनावरांचे वेगळे, लहानांचे वेगळे. 1991 च्या दुरुस्तीत ते गेले. गवा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. माणसाच्या जिवावर उठलेला किंवा बरा न होणारा जखमी-आजारी असेल, आणि पकडून, बेशुद्ध करून हलवता येतच नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. भात खाल्लं हे कारण त्यात नाही. माझंही मत तेच आहे. गवी एका वेळी एकच वासरू देते, पोटात नऊ महिने वाढवून. चार साल बेहिशेबी मारलं तर कळप कसा बसतो ते अमेरिकेनं आधीच करून पाहिलंय.

डुकराचं मात्र वेगळं आहे. एका वेताला चार-सहा पिल्लं, मारता मारता वाढतं. तिकडंही डुकराला टॅगच्या भानगडीत कुणी पडत नाही. टेक्सासात रानटी झालेल्या डुकरांना हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, वर्षभर मारतात. अर्थात ती डुकरं त्या मुलखाची नव्हेत, बाहेरून आणलेल्यांची पिलावळ. आपलं रानडुक्कर इथलंच, वाघ-बिबट्याचं अन्न. तरी आपल्या कायद्यातही त्याच्यासाठी दार आहे. दुसऱ्या परिशिष्टातल्या जनावरानं मालमत्तेला धोका केला तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, आणि मालमत्तेत 'उभं पीक' स्पष्ट धरलेलं आहे. केरळ सरकारनं 2022 मध्ये डुकरांपुरते हे अधिकार पंचायतींच्या प्रमुखांकडं दिले. आपल्याकडंही तसं व्हावं असं मला वाटतं. काही प्राणीप्रेमी वाचक रागावतील, रागावू देत. त्यांनी एकदा माझ्याबरोबर गोठ्यात यायला हवं होतं. डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब चारा समजून म्हशीनं चावला होता. खालचा जबडा लोंबत होता, आणि ती माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवसाची धार काढायला मालकाची बायको तांब्या घेऊन आली, तिला सांगायचं माझ्याच्यानं होईना. तारेच्या फाशांचंही तेच. लावायचा डुकराला, अडकतो बिबट्या. परवाना मिळाला तर निदान कुणी, कधी, काय मारलं याची नोंद तरी राहील.

तुमच्या पंचनाम्याचं. अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण मला माहीत आहे. उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो. आधी वारसा लावून घ्या. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, खुरांचे ठसे जवळून, बांध आणि आजूबाजूची खूण दिसेल असा एक लांबून. कापणी झाल्यावर सांगून उपयोग नाही. कोलोरॅडोत गंजीतलं वाळलं गवत एल्कनं खाल्लं तर राज्य भरपाई देतं, गंजीभोवती कुंपणाचं सामानही देतं, पण तिथंही शेतकऱ्याला वेळेत कळवावं लागतं. आणि एक वही घाला. तारीख, किती गवे, बरोबर वासरं किती, कुठून आले, कुठं गेले. शेजारच्या चार शेतांत त्याच रात्रीची नोंद असेल तर अर्ज पाचांनी मिळून द्या.

बेळगावातून एक महाविद्यालयीन विद्यार्थी विचारतो : तिकडं अमेरिकेत सगळे शिकारी मोठ्या शिंगांचाच नर मारतात. मग चांगले नर संपून कळप कमजोर होत नाही का?

उत्तर : बाळ, प्रश्न चांगला आहे, पण संख्येपुरतं बोलायचं तर नराला फारसं विचारात घेऊ नकोस. एल्कचा एक नर पंधरा-वीस माद्या सांभाळतो. दहा नर मेले तरी उरलेल्यांतला एखादा त्या माद्या गाभण करतोच, पुढल्या जूनला वासरं तेवढीच. आपल्या गल्लीत एक वळू पुरतो ना, तसंच. कळप कमी करायचा तर मादीचे टॅग काढावे लागतात, वाढवायचा तर ते आवळावे लागतात. सगळी किल्ली तिथंच आहे, आणि शिकारी नेमका मादीचा टॅग घ्यायला नाखूश. भिंतीवर लावायला शिंगं नाहीत ना!

नरांची काळजी दुसऱ्या नियमानं घेतात. कोलोरॅडोच्या बहुतेक भागांत नर मारायचा तर एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं हवं. दीड वर्षाच्या पोराला एकच सरळ काटा असतो, तो सुटतो. अंधुक उजेडात दोनशे मीटरवरून टोकं मोजायची म्हणजे डोळे हवेत. माझ्या शेजाऱ्यांनी त्या पायी एक नर सोडला होता. दुर्बिणीत तीनच टोकं दिसली, म्हणाले. चौथं होतं की नव्हतं, यावर त्यांचा आणि त्यांच्या मेहुण्याचा वाद मी जेवणाच्या टेबलावर दोनदा ऐकला.

लोंढ्याहून एक ताई लिहितात : आमच्या सोप्यात सासऱ्यांच्या काळापासून सांबराचं शिंग आहे, टोप्या-पिशव्या अडकवतो. ते रानात पडलेलं सापडलं होतं, मारलेलं नव्हे. मग ठेवायला हरकत नाही ना?

उत्तर : ताई, सांबराची, एल्कची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात, त्यामुळं सासऱ्यांना सापडलं असेल यात शंका नाही. गव्याचं शिंग तसं गळत नाही. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाजवळ एल्कसाठी 1912 पासून राखीव रान आहे. तिथं गळलेली शिंगं स्काउटची पोरं गोळा करतात, मे महिन्यात गावच्या चौकात लिलाव होतो आणि बरेचसे पैसे त्या रानालाच परत जातात. ते वाचून कुणी मला विचारलं होतं, आपणही विकू का? अजिबात नाही. आपल्या कायद्यात गळलेलं शिंगही सरकारची मालमत्ता. सापडलं तर 48 तासांत ठाण्यात किंवा वनखात्याला कळवायचं असतं. सासऱ्यांच्या नावाचं मालकीचं प्रमाणपत्र ट्रंकेत कुठं आहे का ते आधी शोधा. असेल तर वारसानं ते आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. नसेल तर वकिलाला विचारून, लेखी पोच घेऊन शिंग वनखात्यात जमा करा. तोवर मोबाइलवर त्याचा फोटो टाकू नका, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. टोप्यांना सागाची खुंटी पुरते.