भांडी घासायची तारेची घासणी पेटवून ठिणग्यांच्या वर्तुळाचे फोटो काढता येतात का? डिसेंबरमध्ये रत्नागिरीला येतोय, किनाऱ्यावर करून बघायचं आहे.

घासणी घरीच राहू द्या. ती चकचकीत, कुरळ्या पट्टीची घासणी स्टेनलेस स्टीलची असते. अख्खी काडेपेटी संपवलीत तरी ती पेटायची नाही. मी स्वतः संपवली आहे, म्हणून सांगतो.

तुम्हाला हवं ते स्टील वूल. साध्या लोखंडाच्या, केसापेक्षाही बारीक अशा तारांचा पुंजका. तो फेटणीत भरून साखळीच्या टोकाला अडकवायचा, पेटवून गोल फिरवायचा आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं, म्हणजे फोटोत ठिणग्यांचं वर्तुळ उमटतं. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर ते वापरतात, त्यामुळे रंगाच्या किंवा मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा. नंबर ‘चार शून्य’ मागायचा, पाकिटावर 0000 असं छापलेलं असतं. तो सगळ्यात बारीक. लोखंड इतकं बारीक झालं की त्याला चहूबाजूंनी हवा लागते आणि ते चक्क जळतं. दिवाळीच्या फुलबाजीतून उडतात त्या ठिणग्याही लोखंडाच्या किसाच्याच. पाकीट पुण्या-मुंबईहून आणणार असाल तर हवाबंद डब्यात आणा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत उघडं पाकीट गंजतं आणि गंजलेला पुंजका नुसता धुमसत बसतो.

आता किनाऱ्याचं. बहुतेक जण कॅमेऱ्याच्या सेटिंगपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी तिथी बघा.

आमच्याकडे दर्यावर जाणारे लोक भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीच्या पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, रात्री नऊला, पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून ताळा करायला भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघून ठेवा. पण शुद्ध चतुर्थी-पंचमी धरून यायचं ठरवलंत तर फार कटकट उरत नाही. त्या रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला पाणी लांब गेलेलं असतं, चंद्राची कोर मावळतीला टेकलेली असते, आणि मागे राहते ती ओली, घट्ट, आरशासारखी पुळण. त्या ओल्या वाळूत ठिणग्यांचं प्रतिबिंब पडतं. वर्तुळ वर एक आणि खाली एक. कोरड्या वाळूवर काढलेला आणि ओल्या वाळूवर काढलेला फोटो शेजारी ठेवून बघा, मग मी तिथीचं एवढं का लावून धरलंय ते कळेल.

नऊ वाजण्याचा आणखी एक फायदा आहे, तो वाऱ्याचा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे उपयोगी पडतात. संध्याकाळी सात वाजता वारा अजून समुद्राकडून जमिनीकडे येत असतो, म्हणजे ठिणग्या थेट गावाच्या दिशेने. थंडीत रात्री तो पडतो आणि मग हळूहळू उलटा, जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. कॅमेरा जमिनीच्या बाजूला, फिरवणारा समुद्राच्या बाजूला, आणि ठिणग्या चालल्या पाण्याकडे. तिथे गेल्यावर मूठभर कोरडी वाळू हातातून सोडून बघा. ती अजून गावाकडे उडत असेल तर थांबा, चहा पिऊन या.

हे एवढं ताणून सांगतोय कारण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. सुरूच्या वाळक्या काड्यांचा खाली गालिचा पडलेला असतो आणि तो कागदासारखा पेटतो. ‘झाडांच्या मध्ये उभं राहून काय भारी फ्रेम मिळेल’ हा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, तर अजिबात नको. दिवाळीनंतर कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, आणि एका ठिणगीने लागलेला वणवा आंब्या-काजूच्या बागांपर्यंत जातो. किल्ल्यांचं तर नावच काढू नका. कॅलिफोर्नियात पॉइंट रेयसला एक जुनी लाकडी बोट वाळूत रुतून पडलेली आहे, फोटोवाल्यांची लाडकी. 2016 मध्ये तिचा मागचा भाग जळाला आणि संशय याच ठिणग्यांच्या फोटोग्राफीवर गेला.

माझ्या हातूनही तसंच व्हायचं होतं. पहिल्या वेळी साखळी विसरलो, म्हणून किनाऱ्यावर पडलेली नायलॉनची दोरी घेतली. तिच्या टोकाला अंडी फेटायची तारेची फेटणी, फेटणीत पुंजका. पहिले दोन-तीन फेरे काय सुंदर झाले! मग हाताला एकदम हलकं लागलं. दोरी वितळून तुटली होती आणि पेटलेली फेटणी माझ्या डोक्यावरून, ओढून ठेवलेल्या होड्यांकडे. वाळत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगापासून चार हातांवर पडली. जाळीही नायलॉनचीच. तिथे बसलेले एक म्हातारेबुवा शांतपणे उठले, दोन ओंजळी ओली वाळू तिच्यावर टाकली आणि म्हणाले, “शिमगा लवकर आला काय रे यंदा?” मला उत्तर सुचलं नाही. पुढची दहा मिनिटं माझे हात थरथरत होते.

तेव्हापासून कुत्र्याच्या गळ्यात अडकवायची साखळी वापरतो, साधारण हातभर लांब, हाताशी कातडी मूठ असलेली. तिच्या कडीला गोल फिरणारी खिट्टी असते, त्यामुळे पीळ पडत नाही. पुंजका फेटणीत कोंबू नका, कापसासारखा पिंजून सैल भरा. घट्ट असला तर आत हवाच जात नाही. पेटवायला काडीपेक्षा चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी बरी. तिची दोन्ही टोकं पुंजक्याला टेकवली की तार लाल होते, आणि फिरवायला लागलात की भडकते. ही बॅटरी आणि पुंजका एका कप्प्यात कधीही ठेवू नका, माझ्या एका मित्राची सॅक अशीच स्कूटीवर पेटली. फिरवणाऱ्याने जाड सुती कपडे, टोपी, गॉगल आणि हातमोजे घालायचे. पॉलिस्टरचं जॅकेट नको, ते अंगाला चिकटतं. शेजारी पाण्याची बादली आणि भिजवलेलं गोणपाट. चारी बाजूंना निदान वीस मीटर माणूस, होडी, झाड काही नको. आणि जवळच्या घरात सांगून ठेवा, नाहीतर आगीचा गोळा बघून कुणीतरी पोलिसांना फोन करतंच.

कॅमेऱ्याचं त्या मानाने सोपं आहे. आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 100 किंवा 200, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ 8, वेळ (शटर उघडं राहण्याची) 20 सेकंद, इथून सुरू करा. पुंजका तेवढाच वेळ जळतो. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: ठिणग्या किती उजळ दिसणार ते ॲपर्चर आणि आयएसओवर, मागचं आकाश किती उजळ दिसणार ते वेळेवर. ठिणग्या पांढऱ्याफटक आल्या तर भोक लहान करून एफ 11 करा, वेळ कमी करून काही होणार नाही. फोकससाठी फिरवणाऱ्याच्या छातीवर टॉर्च मारा, फोकस लागला की मॅन्युअल करून टाका. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत दाबून रोवा. एखादी चुकार लाट आली तर पायाखालची वाळू सरकते आणि फोटो गेलाच म्हणून समजा. लेन्सवर जुना फिल्टर लावा, माझ्या फिल्टरवर ठिणगीचा डाग कायमचा बसलाय. मोबाइलवर प्रो मोडमध्ये दहा सेकंदांच्या वर शटर जात असेल तर तोही चालतो, आयएसओ सगळ्यात कमी ठेवा.

आधी साखळीला टॉर्च बांधून चार-पाच वेळा सराव करा. वर्तुळ कॅमेऱ्याला समोरासमोर हवं, तिरकं झालं की लंबगोल येतं. डोक्यावर आडवं फिरवलंत तर ठिणग्यांची छत्री मिळते.

पुढे वेळास-आंजर्ल्याला जाणार असाल तर तिथे रात्री हे करू नका. डिसेंबरमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येत असतात, उजेड दिसला की परत फिरतात.

जाताना एक लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. सगळं झाल्यावर ते वाळूवरून फिरवायचं, जळलेले कण पिशवीला चिकटतात, पिशवी उलटी केली की गोळा. अंधारात सगळे सापडत नाहीत, म्हणून मी सकाळी पुन्हा एक फेरी मारतो. त्याच पुळणीवर पोरं अनवाणी क्रिकेट खेळायला येतात.