ऑफिसात सांगितलं तर नोकरी जाईल का?

"ह्यांनी खरं सांगितलं तर काढूनच टाकतील ना मॅडम?" दारू सोडवण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांतून हा प्रश्न येतो, आणि विचारते ती बायको, नवरा खाली मान घालून बसलेला असतो. असेच एक गृहस्थ (ओळख बदलून लिहितेय), मशीनवर काम, सोमवारच्या दांड्या, सकाळी हात थरथरतात म्हणून ड्युटीआधीच थोडी घ्यायचे. त्यांचा प्लॅन काय, तर रजा टाकून घरीच एकदम बंद करायची, कुणाला कळूच द्यायचं नाही.

आधी हेच थांबवलं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, पुढे भास, बरळणं, ताप सुरू झाला तर जिवावर बेततं, त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

मग कंपनीची दारूबाबतची पॉलिसी, म्हणजे लेखी नियम, मागवली, जी त्यांनी कधी उघडूनही बघितली नव्हती. चांगल्या पॉलिसीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात, स्वतःहून मदत मागितली तर उपचारासाठी रजा आणि गोपनीयता, पण पिऊन कामावर सापडलात तर शिस्तभंगाची कारवाई, आणि सापडल्यावर मग 'मी आजारी आहे' म्हणण्याला फारसं वजन राहत नाही हो! दारूची समस्या हा आरोग्याचा प्रश्न समजा, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 मध्येच सांगितलंय, पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, बंधनकारक नाहीत, म्हणून शेवटी आपल्या कंपनीचा कागदच बघावा लागतो.

त्यांनी एचआरला लेखी कळवलं. सुपरवायझरला फक्त 'मेडिकल लीव्ह' एवढंच, आजाराचं नाव त्याला कळायची गरजच नाही. परत आल्यावर काही दिवस मशीनऐवजी स्टोअरमध्ये बसवलं, पगार तोच, तरी हे चिडले, मला मात्र ते बरोबरच वाटलं, मशीनवर बोटं जातात.

खरी घासाघीस झाली ती परतीच्या करारावर, म्हणजे कामावर परत घेताना कंपनी ज्यावर सही घेते त्या कागदावर. 'पुन्हा प्यायल्यास सेवा समाप्त' असं एक कलम होतं. या आजारात घसरण, म्हणजे पुन्हा पिणं, होतेच कित्येकांची, मग अशा कलमामुळे माणूस लपवायलाच शिकतो. डॉक्टरांचं पत्र जोडून बदल मागितला, तेव्हा 'ड्युटीबाहेर घसरल्यास आणि स्वतः कळवल्यास आधी पुन्हा उपचार' असं लिहून मिळालं, मगच सही केली.

पॉलिसीच नसेल तर? मग सगळं उघड करायची घाई नको, आधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि साधी आजारपणाची रजा.